भिंगरीचा वाळा आणि मोनार्कची चिठ्ठी

१९१२ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २३ तारखेस दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत, यूट्रेक्ट या गांवापासून कांहीं मैलांवर असलेल्या एका शेतावरील घरांत, एक भिंगरी शिरली आणि पकडली गेली. तसें पाहिलें तर या घटनेंत विशेष असें कांहींच नव्हतें. तिकडे तो ऐन उन्हाळा, आणि त्या ऋतूंत त्या माळरानांवर भिंगऱ्यांचे थवेच्या थवे असत. परंतु या भिंगरीच्या पायांत ॲल्युमिनियमचा एक इवलासा वाळा होता. त्यावर ‘बी ८३०’ असा क्रमांक आणि लंडन शहरांतील हाय होबर्न येथील विदरबी नांवाच्या गृहस्थाचा पत्ता कोरलेला होता. यूट्रेक्टच्या एका रहिवाशानें त्या पत्त्यावर सविस्तर पत्र लिहिलें. पत्र लंडनला पोंचलें आणि नोंदवहीशीं ताडून पाहण्यांत आलें. बी ८३० क्रमांकाचा वाळा ६ मे १९११ रोजीं इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यांत, चीडल गांवच्या रोझहिल नांवाच्या घरीं, देवडींत घरटें केलेल्या एका भिंगरीच्या पायांत घातलेला होता. घालणारा जॉन मेसफील्ड, व्यवसायानें वकील. इंग्रजी वाचकांस परिचित असलेला त्याच नांवाचा कवि तो हा नव्हे. चीडलपासून यूट्रेक्टपर्यंतचें अंतर सरळ रेषेंत मोजलें तरी ६,००० मैलांच्या घरांत जातें. जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा, म्हणजे जुन्या हिशेबानें पुरते दोन तोळेही न भरणारा हा जीव तेवढें अंतर उडून गेला होता. आणि युरोपांतील विद्वानांनीं दोन सहस्र वर्षें ज्या प्रश्नावर वाद घातला, त्याचें उत्तर एका खेडेगांवच्या माणसानें टपालानें धाडलें होतें.

भिंगरी मराठी मुलखास अनोळखी नाहीं. पावसाळा सरत आला म्हणजे विजेच्या तारांवर ओळीनें बसलेले, निळ्याकाळ्या पाठीचे, तांबूस गळ्याचे आणि कात्रीसारख्या दुभंगलेल्या शेपटीचे जे पक्षी दिसूं लागतात, ते याच जातीचे. आपल्याकडे ती उत्तरेकडून हिवाळ्यापुरती येणारी पाहुणी आहे. युरोपांत मात्र ती उन्हाळ्याची दूती समजली जाते, कारण तेथें ती वसंतांत येते, गोठ्याच्या किंवा घराच्या आढ्याला चिखलाचें घरटें बांधते, तेथेंच विते, आणि शरद् ऋतु लागतांच एकाएकीं नाहींशी होते. शास्त्रज्ञ तिची गणना गायक पक्ष्यांच्या विशाल गणांत करतात. कोकिळेसारखी तिची तान नसली, तरी विणीच्या दिवसांत नराची जी अखंड किलबिल चालते, तिच्यावांचून तिकडील शेतघराचा उन्हाळा पुरा होत नाहीं.

ती नाहींशी होते, ती जाते कोठें? आपल्या इकडील प्राचीन कवींनीं पक्ष्यांचें जाणेंयेणें सहज मान्य केलेलें दिसतें. मेघदूतांतील राजहंस पावसाळ्याच्या तोंडीं मानस सरोवराची वाट धरतात, आणि त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यालाही क्रौंच पक्षी दूरदेशीं जातात हें ठाऊक होतें. भिंगरीविषयीं मात्र त्याची समजूत वेगळी होती. कांहीं भिंगऱ्या परदेशीं न जातां बिळांत व कपारींत लपून राहतात आणि तेथें त्यांचीं पिसें झडलेलीं आढळतात, असें त्यानें लिहून ठेवलें. ॲरिस्टॉटलनें एकदां लिहिल्यावर तें खोडून काढण्यास युरोपास किती शतकें लागत, हें ज्ञानाच्या इतिहासांत पुनःपुन्हां दिसून येतें.

या समजुतीवर कळस चढविला तो स्वीडनचा धर्माधिकारी ओलाउस मॅग्नस यानें. उत्तरेकडील लोकांच्या वर्णनाचा त्याचा प्रचंड ग्रंथ १५५५ सालीं रोम येथें प्रसिद्ध झाला. त्यांत एक चित्र आहे: गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोंक पाडून कोळी जाळें ओढीत आहेत, आणि जाळ्यांत माशांबरोबर भिंगऱ्या आल्या आहेत! ग्रंथकार सांगतो कीं शरद् ऋतूंत भिंगऱ्या चोंचींत चोंच, पंखांत पंख आणि पायांत पाय गुंतवून पाण्याच्या तळाशीं जातात. अननुभवी पोरें असा गोळा घरीं नेऊन शेकोटीजवळ ठेवतात, तेव्हां पांखरें ऊब लागून उडूं लागतात, पण लवकरच मरतात. जाणते कोळी मात्र तो गोळा पुन्हां पाण्यांत सोडून देतात. वर्णन इतकें तपशीलवार आहे कीं खोटें म्हणण्याचा धीर होऊं नये. अठराव्या शतकांत सर्व प्राणिमात्रांचें वर्गीकरण करणारा थोर लिनियस, तोही या पाणबुडीवर विश्वास ठेवून होता. इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सन यानेंही भिंगऱ्या एकमेकींभोंवतीं घिरट्या घालून गोळा होतात व नदीच्या तळाशीं निजतात, असें ठासून सांगितलें. सतराव्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स मॉर्टन नांवाच्या एका विद्वानानें तर पक्षी चंद्रावर जातात, असा सिद्धान्त मांडला आणि त्या प्रवासास साठ दिवस लागतात हेंही हिशेब करून सांगितलें. आज या गोष्टीवर हंसूं येतें. परंतु हे पक्षी खरोखरच दूर कोठें तरी जातात, मार्गांत न थांबतां लांबचा पल्ला गांठतात, हें मॉर्टनला पटलें होतें आणि पाण्याखालीं शोधणाऱ्यांना पटलें नव्हतें, ही गोष्ट विसरतां कामा नये.

पाण्याच्या कल्पनेला मूळ नव्हतें असें नाहीं. प्रयाणापूर्वीं भिंगऱ्या हजारोंच्या संख्येनें जमतात आणि रात्रीं तळ्याकांठच्या लव्हाळ्यांत वस्तीस उतरतात. सायंकाळीं पाहणाऱ्यास तो काळा ढग पाण्यावर उतरून अदृश्य होतांना दिसे. उजाडण्यापूर्वीं तो उठून गेला तें पाहण्यास कोणी हजर नसे. एके दिवशीं तो उतरला तो शेवटचाच. अशा स्थितींत साध्या माणसानें काढलेलें अनुमान अगदींच वेडेपणाचें म्हणवत नाहीं.

या अनुमानाची परीक्षा करण्याची पहिली युक्ति बर्लिनच्या योहान फ्रिश नांवाच्या पंडितानें काढली, आणि ती इतकी साधी आहे कीं ती आधीं कोणास सुचली नाहीं याचें आश्चर्य वाटतें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यानें भिंगऱ्यांच्या पायांस पाण्यांत विरघळणाऱ्या रंगानें रंगविलेले दोरे बांधले. पांखरें हिवाळाभर पाण्याखालीं राहिलीं तर रंग धुऊन जाईल, एरवीं राहील. वसंतांत पांखरें परत आलीं तेव्हां दोऱ्यांचा रंग कायम होता. एका दोऱ्यानें दोन गोष्टी सिद्ध झाल्या: भिंगरी पाण्यांत बुडत नाहीं, आणि त्याच घरीं तीच भिंगरी परत येते. पण ती होती कोठें, हें दोरा सांगूं शकत नव्हता. दोऱ्याला लिहितां येत नव्हतें.

फ्रिशच्या दोऱ्यांनंतरही वाद मिटला नाहींच. इंग्लंडमधील सेलबोर्न गांवचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याच्याएवढा चौकस निरीक्षक त्या काळांत दुसरा नसेल. त्याचा भाऊ जिब्राल्टर येथें धर्मोपदेशक होता, आणि वसंतांत व शरदांत भिंगऱ्यांचे थवे सामुद्रधुनी ओलांडतांना त्यानें डोळ्यांनीं पाहिले होते. व्हाइटला हें सर्व ठाऊक होतें. तरीही सगळ्या जात नसाव्यात, कांहीं तरी येथेंच दडून राहत असाव्यात, हा संशय त्याच्या मनांतून गेला नाहीं. माणसें लावून त्यानें झुडपें व उतरणी शोधून घेतल्या. हातीं कांहीं लागलें नाहीं. १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्ररूप ग्रंथांत ही तगमग पानोपानीं दिसते. देवीची लस शोधून काढणारा एडवर्ड जेन्नर यानेंही या कोड्यांत लक्ष घातलें होतें. त्यानें भिंगरीसारख्याच दिसणाऱ्या, पण निराळ्या कुळांतील बारा पाकोळ्यांच्या पायांचीं नखें कापून खूण केली, आणि सात वर्षांनीं त्यांपैकीं एक पाकोळी एका मांजरानें धरून आणली तेव्हां ती खूण ओळखली गेली! त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १८२४ सालीं छापला गेला. त्याच्या आदलेच काळीं, १८२२ सालीं, जर्मनींतील मेक्लेनबुर्ग प्रांतांत एक करकोचा मारला गेला, तेव्हां त्याच्या मानेंत आरपार घुसलेला आफ्रिकन बनावटीचा भाला सांपडला. पक्षी भाल्यासकट परत आला होता. रोस्टॉक विद्यापीठांत तो अजून जपून ठेवलेला आहे. दुसऱ्या खंडांतून आलेली ही पहिलीच चिठ्ठी म्हणावयाची, जरी ती लिहिणाऱ्याचा हेतु पत्रव्यवहाराचा नव्हता.

हेतुपुरस्सर चिठ्ठी लिहिण्यास प्रारंभ झाला तो डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गांवीं. हान्स मोर्टेन्सेन नांवाच्या शाळामास्तरानें १८९९ सालीं १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचे वाळे घातले; आपल्याकडील भोरडीची ही चुलत बहीण. वाळ्यावर क्रमांक आणि पत्ता. यांत नवें काय तर एवढेंच कीं दोरा किंवा कापलेलें नख ज्यानें खूण केली त्यालाच कळे, पण वाळा जगांतील कोणाही साक्षर माणसास वाचतां येई. १९०९ सालीं इंग्लंडांत प्रकाशक हॅरी विदरबी यानें आपल्या पक्षिविषयक मासिकाच्या द्वारें हीच पद्धति सुरू केली. वाळे घालणारे बहुतेक सर्व हौशी लोक होते, मेसफील्ड वकिलासारखे. आपल्या पक्षकारांचीं कामें आटोपून ते देवडींतील घरट्याकडे वळत. वाळ्याचें सगळें यश एका अत्यंत नाजूक गोष्टीवर अवलंबून होतें. कोठें तरी, कधीं तरी, कोणी तरी तो पाहावा, त्याला कुतूहल वाटावें, आणि त्यानें पदरचे पैसे खर्चून एक पत्र टाकावें. नाताळांतील त्या शेतकऱ्याच्या घरीं हें सर्व जुळून आलें.

भिंगरीची कथा दोन सहस्र वर्षांची. मोनार्क फुलपाखराची त्या मानानें अगदीं अलीकडची, कारण फुलपाखरूं जातें कोठें हा प्रश्नच कोणास पडला नव्हता. फुलपाखरूं म्हणजे चार दिवसांचें आयुष्य, वाऱ्यावर भिरभिरणारें, अस्थिरतेचें प्रतीक! त्याला गांव कसलें आणि परगांव कसलें? मोनार्क हें उत्तर अमेरिकेंतील नारिंगी पंखांचें, काळ्या शिरांचें, पांढऱ्या ठिपक्यांची किनार असलेलें मोठें फुलपाखरूं. त्याच्या अळ्या रुईच्या कुळांतील चिकाच्या झुडपांवरच वाढतात, आणि त्या चिकांतील विष अंगीं मुरल्यामुळें पक्षी त्याच्या वाटेस सहसा जात नाहींत. आपल्याकडे रुईवर वाढणारें, काळ्या टोंकांचें तांबूस फुलपाखरूं याचेंच भावंड होय. उन्हाळ्यांत कॅनडापर्यंत सर्वत्र दिसणारीं मोनार्क फुलपाखरें शरदांत दक्षिणेकडे थव्यांनीं जातांना एकोणिसाव्या शतकांतील निरीक्षकांनीं पाहिलीं होतीं. पश्चिमेकडील कांहीं थोडीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर झाडांना लगडून हिवाळा काढतात, हेंही माहीत होतें. पण रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील कोट्यवधि फुलपाखरें कोठें जात?

फ्रेड अर्कहार्ट याचा जन्म १९११ सालचा, म्हणजे मेसफील्डनें भिंगरीच्या पायांत वाळा घातला त्याच वर्षाचा. टोरोंटोजवळ वाढलेल्या या मुलास लहानपणींच हा प्रश्न पडला, आणि पुढें प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाल्यावरही त्यानें तो सोडला नाहीं. पक्ष्याच्या पायांत वाळा घालणें एक वेळ सोपें; अर्ध्या ग्रॅमच्या फुलपाखरास काय बांधावें? त्यानें व त्याची पत्नी नोरा हिनें प्रथम टपालाच्या तिकिटासारखे डिंक लावलेले कागदाचे तुकडे पंखांवर चिकटवून पाहिले. पाऊस आला आणि चिठ्ठ्या गळून पडल्या. अखेर दुकानांतील मालावर किंमत लिहून चिकटवितात, त्या जातीच्या दाबतांच चिकटणाऱ्या चिठ्ठ्या कामास आल्या. पंखाच्या पुढील कडेवरील रंगाची भुकटी हलक्या हातानें पुसावयाची, आणि तेथें चिठ्ठी दुमडून बसवावयाची. तिच्यावर क्रमांक, आणि टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवा अशा अर्थाच्या चार शब्दांपलीकडे जागा नव्हती. १९५२ सालीं नोरानें एका मासिकांत लेख लिहून मदतनीस मागितले. बारा जण पुढें आले. त्या बारांचे पुढें शेंकडों झाले. त्यांत शाळकरी मुलें होतीं, गृहिणी होत्या, निवृत्त लोक होते. सांपडलेल्या चिठ्ठ्या नकाशावर टांचल्या तेव्हां सर्व रेषा ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जातांना दिसल्या, टेक्सासपर्यंत आल्या, आणि मेक्सिकोच्या सरहद्दीपाशीं संपल्या. तेथें वाचणारा कोणी मिळत नव्हता.

१९७२ सालीं नोरानें मेक्सिकोंतील वृत्तपत्रांकडे पत्रें धाडलीं. मेक्सिको शहरांत राहणाऱ्या केनेथ ब्रगर नांवाच्या अमेरिकन माणसानें त्यांस उत्तर दिलें. तो आणि मिचोआकान प्रांतांत जन्मलेली कातालीना आग्वादो हीं दोघें दोन वर्षें डोंगर पालथे घालीत हिंडलीं. १९७५ सालच्या जानेवारीच्या आरंभीं सेर्रो पेलोन या पर्वतावर, सुमारें १०,००० फुटांच्या उंचीवर, त्यांस तें स्थान दिसलें. ओयामेल जातीच्या उंच सूचिपर्णी वृक्षांचीं खोडें नि फांद्या दिसेनाशा झाल्या होत्या, इतकीं फुलपाखरें त्यांस चिकटून बसलीं होतीं. त्यांच्या भारानें डहाळ्या वांकल्या होत्या. दैवाचा खेळ असा कीं ब्रगर रंगांध होता. जगांतील त्या सर्वांत मोठ्या नारिंगी दृश्याचा रंग त्याला दिसला नाहीं. पुढील वर्षीं जानेवारींत अर्कहार्ट दांपत्य तो डोंगर चढून गेलें. तीं दोघें पाहत असतांना एक फांदी फुलपाखरांच्या भारानें मोडून खालीं आली, आणि विखुरलेल्या हजारों फुलपाखरांत एकाच्या पंखावर पांढरी चिठ्ठी दिसली. आदल्या ऑगस्टांत मिनेसोटा राज्यांतील चास्का गांवीं दोन शाळकरी मुलांनीं आपल्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं ती लावलेली होती. अंतर सुमारें १,८०० मैल.

‘शोध’ हा शब्द येथें जपून वापरला पाहिजे. त्या डोंगरांच्या पायथ्याशीं राहणाऱ्या मसाहुआ आणि इतर शेतकऱ्यांस तीं फुलपाखरें पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतीं. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसांत, मेक्सिकोंतील मृतांच्या सणाच्या सुमारास तीं येतात. आपल्याकडे पितृपक्षांत पान वाढून कावळ्याची वाट पाहतात. तेथें घरचीं गेलेलीं माणसें फुलपाखरांच्या रूपानें भेटीस येतात असा समज आहे. त्यांस स्थान माहीत होतें, पण फुलपाखरें कोठून येतात हें नव्हतें. टोरोंटोस निघण्याची दिशा माहीत होती, पण स्थान नव्हतें. ज्ञानाचे दोन तुकडे एका पंखावरच्या चिठ्ठीनें सांधले गेले. आणि येथेंच दोन कथांतील एक कमी सुखद भेद दिसतो. विदरबीनें यूट्रेक्टचें पत्र आपल्या मासिकांत छापून मोकळें केलें. अर्कहार्टनें १९७६ सालच्या ऑगस्टांत एका प्रख्यात अमेरिकन मासिकांत हकीकत प्रसिद्ध केली खरी, पण नेमकें स्थान सांगण्याचें टाळलें. जागेचें रक्षण हें त्याचें कारण असेल. मानी संशोधकाचा हेवाही त्यांत नसेल असें नाहीं. लिंकन ब्रोवर आणि विल्यम कॅल्व्हर्ट या दुसऱ्या अभ्यासकांनीं लवकरच लेखांतील खुणांवरून तें स्थान आपल्यापरीनें हुडकून काढलें, आणि दोन्ही पक्षांत दीर्घकाळ वितुष्ट राहिलें.

इथवर दोन कथा समांतर चालतात: एकच प्रश्न, एकच युक्ति, एकाच प्रकारच्या सामान्य माणसांचे हात. पण मिळालेलीं उत्तरें एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. बी ८३० क्रमांकाची भिंगरी वाळा घातल्यानंतर दीड वर्षानें सांपडली. म्हणजे मधल्या काळांत ती बहुधा एकदां आफ्रिकेस जाऊन परत आलेली, आणि वाट ओळखीची झालेली होती. जगती तर पुढच्या एप्रिलांत ती बहुतेक त्याच देवडींत उतरती. मिनेसोटाच्या फुलपाखरास मात्र मिनेसोटा पुन्हां दिसणार नव्हतें. हिवाळा ओसरला म्हणजे मार्चांत मोनार्क उत्तरेकडे निघतात, टेक्सासच्या आसपास रुईच्या भाऊबंदांवर अंडीं घालतात आणि मरतात. त्यांचीं मुलें पुढें सरकतात, तींही चार-सहा आठवड्यांत संपतात. नातवंडें आणखी उत्तरेस जातात. उन्हाळ्याच्या अखेरीस जन्मणारी तिसरी किंवा चौथी पिढी तेवढी वेगळी निपजते. ती अंडीं घालीत नाहीं, आठ-नऊ महिने जगते, आणि पणजोबांनीं सोडलेल्या त्याच दहा-बारा डोंगरांकडे निघते. त्यांतील एकानेंही तो डोंगर पाहिलेला नसतो. ज्यानें पाहिला असा कोणी जिवंतही नसतो. भिंगरी वारकरी आहे, दरसाल स्वतःच्या पायांनीं जाणारी. मोनार्कची वारी घराण्याची. पणजोबा निघतो आणि पणतू पोंचतो.

तर मग वाट कोणास किती ठाऊक असते? या प्रश्नाची परीक्षा पक्ष्यांवर व फुलपाखरांवर जवळजवळ एकाच रीतीनें झाली आहे, हा या इतिहासांतील मोठा मनोरम योगायोग होय. हॉलंडमधील पेर्डेक नांवाच्या शास्त्रज्ञानें हेग शहराजवळून जाणारे ११,००० हून अधिक स्टार्लिंग पकडून विमानानें स्वित्झर्लंडांत नेऊन सोडले, आणि १९५८ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या वृद्ध पक्ष्यांनीं पूर्वीं प्रवास केला होता त्यांनीं चूक ओळखली; दिशा बदलून ते वायव्येकडे वळले आणि इंग्लंड व उत्तर फ्रान्समधील आपल्या नेहमींच्या ठिकाणीं गेले. त्या वर्षींच जन्मलेल्या पिलांना मात्र दिशा तेवढी माहीत होती. तीं जन्मजात ओढीनें जुन्या दिशेनेंच उडत राहिलीं आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्यें जाऊन पोंचलीं. इतकेंच नव्हे, तर पुढील हिवाळ्यांतही त्यांतील कांहीं पुन्हां स्पेनलाच गेलीं. पहिला प्रवास रक्तानें करविला, दुसरा आठवणीनें.

२०१३ सालीं हीच कसोटी मोनार्कला लावल्याचें प्रसिद्ध झालें. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतांतील फुलपाखरें १,५०० मैल पश्चिमेस कॅलगरी शहरीं नेऊन, बारीक तारेस बांधून, मोकळ्या आकाशाखालीं उडूं दिलीं, आणि तीं कोणत्या बाजूस तोंड करतात तें मोजलें. ओंटारियोंत तीं नैर्ऋत्येकडे तोंड करीत, तें मेक्सिकोच्या दृष्टीनें योग्यच होतें. कॅलगरीहूनही तीं नैर्ऋत्येकडेच निघालीं. त्या वाटेनें मेक्सिको नव्हे, पॅसिफिक महासागर लागला असता. म्हणजे मोनार्क जन्मभर पहिल्याच प्रवासांतलें पिलूं राहतें. त्याला नकाशा नाहीं. होकायंत्र मात्र विलक्षण आहे. सूर्य दिवसभर सरकत असतांना त्यावरून दिशा धरावयाची तर वेळ कळली पाहिजे, आणि तें घड्याळ त्याच्या दोन मिशांत असतें, हें २००९ सालीं सिद्ध झालें. मिशा काढल्या कीं फुलपाखराची दिशा हरपते. एवढ्या सामग्रीवर तें अखेरच्या टप्प्यांत नेमकी ती राई कशी गांठतें, हें कोडें अजून पुरतें सुटलेलें नाहीं.

नकाशा नसण्याची किंमत मोठी असते. भिंगऱ्या हिवाळ्यांत अर्ध्या आफ्रिका खंडावर पसरतात. एक लव्हाळ्याचें तळें आटलें तर दुसरें पाहतात. पूर्वेकडील बहुतेक सर्व मोनार्क मात्र ओयामेलच्या मोजक्या रायांत दाटीवाटीनें राहतात. तीं झाडें त्यांस छत्रीही आहेत आणि पांघरूणही, कारण पावसानें भिजलेलें फुलपाखरूं कोरड्या फुलपाखरापेक्षां फार लवकर गोठतें. रान विरळ झालें कीं छत्री फाटते. १९८६ सालीं सरकारनें हीं रानें राखीव केलीं. पण तीं गांवकीच्या मालकीचीं होतीं, आणि लांकडावर पोट भरणाऱ्या गांवकऱ्यांस पुरेसा मोबदला न देतां कुऱ्हाड खालीं ठेवण्यास सांगितलें गेलें. त्यामुळें तोड थांबली नाहीं, ती रात्रीची झाली. तिकडे अमेरिकेंतील मका व सोयाबीनच्या शेतांत तणनाशकांनीं चिकाचीं झुडपें नाहींशीं केलीं. फुलपाखरें मोजतां येत नाहींत म्हणून त्यांनीं व्यापलेलें रान मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यांत तें ४५ एकर होतें. २००८ सालीं या रानाचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला, आणि त्यानंतर पांच वर्षांनीं, २०१३-१४ च्या हिवाळ्यांत, फुलपाखरांनीं भरलेलें रान पावणेदोन एकरांहूनही कमी भरलें. कोंकणांतील एखादी मध्यम आमराई याहून मोठी असते. २०२४-२५ मध्यें तें साडेचार एकरांच्या आसपास होतें.

त्यांतच हवा तापत चालली आहे, आणि ओयामेलला थंडी हवी. म्हणून मेक्सिकोंतील वनशास्त्रज्ञांनीं गांवकऱ्यांच्या साह्यानें ओयामेलचीं रोपें नेवादो दे तोलुका या ज्वालामुखी पर्वताच्या उतारावर, सध्यांच्या रायांहून अधिक उंचीवर, लावून पाहिलीं आहेत. बरींच रोपें जगलीं आहेत. फुलपाखरांचा भार पेलण्याजोगे वृक्ष होण्यास त्यांस कांहीं दशकें लागतील. तोंपर्यंत चास्का गांवीं चिठ्ठी लागलेल्या त्या फुलपाखरानंतर शेंकडों पिढ्या होऊन गेलेल्या असतील, आणि त्या नव्या झाडांकडे वळावयाचें कीं नाहीं, हें कधींही तो डोंगर न पाहिलेलें एक फुलपाखरूं एका शरद् ऋतूंत ठरवील.